जुन्या लष्करी कॅनव्हास पिशव्या: पारख, खरेदी आणि रोजचा वापर

जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात खांद्यावर लटकवायच्या कॅनव्हासच्या पिशव्या ढिगाने मिळतात आणि त्या बहुतेक सारख्याच दिसतात: हिरवट किंवा खाकी रंग, झाकणावर दोन बक्कल, एक पट्टा. नव्याने या छंदाकडे वळणाऱ्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण दिसायला सारख्या असलेल्या या पिशव्यांपैकी एक पाव आणि डबा नेण्यासाठी शिवलेली असते, दुसरी गॅस मास्कसाठी, तिसरी नकाशांसाठी आणि चौथी सुरुंगाच्या स्फोटकांसाठी. ज्या कामासाठी पिशवी शिवली गेली ते काम कळले, की तिचे माप, आतले कप्पे, पट्ट्याची लांबी आणि तिच्यातले धोकेही कळतात. म्हणून पुढचा सारा क्रम एकाच प्रश्नाभोवती बांधला आहे: ही पिशवी मुळात काय वाहून नेण्यासाठी होती?

१. आधी पिशवीचे कूळ ओळखा

सर्वांत जुने कूळ शिधा-पिशवीचे. सैनिकाचा एक-दोन दिवसांचा शिधा पाठीवरच्या मोठ्या ओझ्यात न ठेवता हाताशी असावा, एवढाच तिचा हेतू. अमेरिकी यादवी युद्धातल्या शिधा-पिशवीवर बाहेरून काळा रंग दिलेला असे आणि आत सुती कापडाची दुसरी पिशवी तीन बटणांनी अडकवलेली असे. खारवलेल्या मांसाची चरबी त्या आतल्या पिशवीत मुरे, म्हणून ती काढून धुता यावी अशी सोय होती. फ्रेंच सैन्याची १८९२ च्या नमुन्याची ‘म्युझेत’ आणि जर्मनांची १९३१ च्या नमुन्याची ‘ब्रोटबॉयटेल’ ही याच कुळातली भावंडे. जर्मन पिशवी मुख्यतः कमरपट्ट्यावर लटके. खांद्याचा पट्टा हा तिचा पर्यायी भाग होता, त्यामुळे आज विक्रीला येणाऱ्या अनेक पिशव्यांबरोबर तो नसतो.

दुसरे कूळ पूर्ण साजाचा, म्हणजे सैनिकाच्या अंगावरच्या पट्टे आणि पिशव्यांच्या संचाचा, एक भाग असलेल्या पिशव्यांचे. बोअर युद्धात चामड्याचा साज अपुरा पडल्यावर ब्रिटिशांनी १९०८ मध्ये जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा साज स्वीकारला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर विणलेल्या पट्ट्यांचे उत्पादन मागणीला पुरेना, म्हणून १९१४ चा साज पुन्हा चामड्याचा करावा लागला. त्यानंतर आला १९३७ चा नमुना, आणि आज बाजारात ब्रिटिश पिशवी म्हणून जी सर्वाधिक दिसते ती त्याच साजातली ‘स्मॉल पॅक’. ती लढाईच्या वेळी पाठीवर आणि लांबच्या कूचात, मोठी पिशवी पाठीवर असल्याने, डाव्या बाजूला असे. महत्त्वाची गोष्ट अशी, की तिला स्वतःचा खांदापट्टा नव्हताच. पाठीवर घेण्यासाठी एल आकाराचे दोन सुटे पट्टे लागत आणि ते आज पिशवीबरोबर क्वचितच मिळतात. ‘पट्टा हरवला आहे’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला स्वतःलाच हे माहीत नसते.

अमेरिकी सैन्याची १९३६ च्या नमुन्याची कॅनव्हास फील्ड बॅग मात्र दोन्ही प्रकारे घेता येई: एका पट्ट्यावर खांद्याला, नाहीतर खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांना अडकवून पाठीवर. ती अधिकारी, घोडदळातले सैनिक आणि छत्रीधारी सैनिक वापरत. युद्धाच्या मध्यापर्यंतची पिशवी फिकट वाळूच्या रंगाची आणि नंतरची गडद हिरवी, हा फरक दुरूनही ओळखता येतो.

तिसरे कूळ गॅस मास्कच्या पिशव्यांचे, आणि संख्येने हेच सर्वांत मोठे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी विषारी क्लोरीन वायू सोडला आणि त्यानंतर प्रत्येक सैन्याला प्रत्येक सैनिकासाठी मास्क आणि त्यासाठी पिशवी करावी लागली. १९१६ पासून मिळू लागलेल्या ब्रिटिश ‘स्मॉल बॉक्स रेस्पिरेटर’ या मास्कची पिशवी एरवी बाजूला लटके आणि धोका दिसताच छातीवर बांधली जाई, झटकन मास्क काढता येणे ही अट असल्यामुळे या कुळातल्या पिशव्यांची तोंडे रुंद, झाकणे झटकन उघडणारी आणि आतले कप्पे विचित्र मापांचे असतात. दुसऱ्या महायुद्धातही हीच तयारी झाली, पण रणांगणावर गॅसचा वापर मोठ्या प्रमाणावर न झाल्याने लाखो पिशव्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या. शीतयुद्धाच्या काळात वॉर्सा कराराच्या देशांनी आणखी साठा केला आणि तो १९९० नंतर बाहेर पडला. स्वस्त आणि मजबूत पिशवी हवी असणाऱ्याला गॅस मास्कची पिशवीच सुचवली जाते त्याचे कारण हे.

याखेरीज नकाशांच्या चपट्या पिशव्या, निरोप्यांच्या पिशव्या, वैद्यकीय पथकाच्या पिशव्या आणि स्फोटकांच्या पिशव्या आहेत. त्यांबद्दल पुढे जिथे गरज पडेल तिथे बोलू.

सुती कॅनव्हासचा हा काळ साधारण १९७०-८० च्या दशकांत संपला. अमेरिकी सैन्याने १९७३ मध्ये नायलॉनचा साज स्वीकारला, ब्रिटिशांनी १९५८ चा सुती साज ऐंशीच्या दशकात सोडून नायलॉन घेतले. त्यामुळे ‘विंटेज कॅनव्हास’ म्हणून नायलॉनची पिशवी कोणी पुढे केली, तर ती जुनी असेलही, पण आपण शोधत आहोत ती वस्तू नव्हे.

२. जवळ काय असावे

पारख करताना: मोजपट्टी, छोटा टॉर्च, लोहचुंबक, भिंग आणि शक्य असल्यास जंबुकिरणांचा (यूव्ही) टॉर्च. घरी आणल्यावर: मऊ आणि ताठ असे दोन ब्रश, नाकातोंडावर बांधायचा चांगला मास्क, पातळ हातमोजे, सौम्य साबण, दाभण, जाड सुई आणि मेण लावलेला सुती किंवा तागाचा दोरा.

कागदपत्रांची यादी लहान आहे, पण ती टाळू नये. विक्रेत्याचे बिल, त्यात वस्तूचे वर्णन ‘वापरलेली कॅनव्हास पिशवी’ असे साध्या शब्दांत, आणि झाकणाच्या आतल्या शिक्क्याचा स्पष्ट फोटो. पिशवी सीमेपलीकडून मागवत असाल तर हेच बिल सीमाशुल्काच्या कामाला येते. नुसते ‘मिलिटरी इक्विपमेंट’ असे लिहिलेले पाकीट विनाकारण चौकशीत अडकू शकते, म्हणून विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे.

३. आपल्या सामानाचे माप घ्या

बहुतेक नवखे लोक फोटो पाहून पिशवी घेतात आणि मग तिच्यात काय मावते ते शोधतात. क्रम उलटा हवा. रोज नेण्याच्या वस्तू टेबलावर मांडा, त्यांतल्या सर्वांत मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा आणि मगच पिशवी शोधा.

याचे एक ठळक उदाहरण द्यायला हवे. १९३७ ची ब्रिटिश स्मॉल पॅक साधारण ११ बाय ९ बाय ४ इंचांची असते, म्हणजे सुमारे २८ बाय २३ बाय १० सेंटिमीटर. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो. जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरांनी घात होतो: फाइल घातली की तिचा एक कोपरा झाकणाखालून डोकावतो आणि पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, एखादे जाड पुस्तक आणि घडीचा रेनकोट यांसाठी मात्र ही पिशवी अप्रतिम आहे, कारण डबा, पाणी आणि पावसात अंथरायचे कापड हेच तर तिचे मूळ सामान होते.

गॅस मास्कच्या पिशवीत आतून शिवलेली आडभिंत असते, आणि तीमुळे लॅपटॉपसारखी रुंद सपाट वस्तू मावत नाही. ती भिंत उसवून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. साठ्यातली, हजारोंनी मिळणारी युद्धोत्तर पिशवी असेल तर खुशाल उसवा; दुसऱ्या महायुद्धातली तारीख असलेल्या पिशवीला मात्र कात्री लावू नये, असे माझे मत आहे. मोठा लॅपटॉप रोज न्यायचा असेल तर सरळ सांगतो: या साऱ्या प्रकारात तुमच्या कामाची पिशवी फारशी नाही, आणि ओढूनताणून ती शोधू नये.

४. शिक्के आणि क्रमांक वाचायला शिका

पिशवी हातात घेतली की आधी झाकण उलटे करा. शिक्का बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला, नाहीतर पट्ट्याच्या टोकाला असतो.

ब्रिटिश वस्तूंवर उत्पादकाची आद्याक्षरे, वर्ष आणि तीन रेषांचा बाण असतो. हा बाण म्हणजे सरकारी मालकीची खूण. साम्राज्यातल्या इतर देशांनी याच बाणात बदल करून आपापली खूण केली. कॅनडाचा बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात असतो, दक्षिण आफ्रिकेचा यू अक्षरात, ऑस्ट्रेलियाचा दोन डी अक्षरांच्या मध्ये, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात बनलेल्या मालावर बाणाखाली आय अक्षर. एकाच १९३७ च्या नमुन्याची पिशवी या सर्व ठिकाणी बनली आणि हातात घेतल्यावर कापडाची वीण, रंग आणि धातू यांत फरक जाणवतो.

अमेरिकी मालाचे दोन कालखंड पाडावेत. दुसऱ्या महायुद्धात झाकणावर मोठी ‘यू. एस.’ ही अक्षरे आणि आत उत्पादकाचे नाव व वर्ष असे. साठच्या दशकापासून वर्ष थेट न लिहिता कंत्राट क्रमांक येतो. त्याची सुरुवात डी-एस-ए (लष्करी पुरवठा संस्थेची आद्याक्षरे) १०० अशी असेल तर पुढचे दोन अंक म्हणजे वर्ष: ६७ असेल तर १९६७. १९७७ नंतर त्याच जागी डी-एल-ए अशी अक्षरे दिसतात. कंत्राटाचे वर्ष आणि प्रत्यक्ष शिवण्याचे वर्ष यांत थोडे अंतर असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

याशिवाय साठा क्रमांक, म्हणजे लष्करी भांडारातला वस्तूचा नोंद क्रमांक, असतो आणि तो वाचता आला की निम्मी पारख झाली. अमेरिकी मालावर ११ अंकी क्रमांक असेल तर तो १९७४ च्या आधीचा, १३ अंकी असेल तर त्यानंतरचा. (हा निकष अमेरिकी मालापुरताच धरावा, ब्रिटिश मालावर १३ अंक त्याआधीही सापडतात.) पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात: ८४६५ म्हणजे सैनिकाचा वैयक्तिक साज, ४२४० म्हणजे संरक्षक उपकरणे, अर्थात गॅस मास्क आणि त्याची पिशवी, आणि १३७५ म्हणजे स्फोटके. विक्रेता ‘मेसेंजर बॅग’ म्हणत असला आणि क्रमांक ४२४० ने सुरू होत असला, तर ती मास्कची पिशवी आहे, यात वाद नाही. १३ अंकी क्रमांकातले पाचवा आणि सहावा अंक देश सांगतात: ०० आणि ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, १५ इटली, २१ कॅनडा, ९९ ब्रिटन.

स्विस पिशव्यांवर बहुधा चामड्याच्या भागात उत्पादकाचे नाव आणि वर्ष दाबून उमटवलेले असते, त्यामुळे त्यांची तारीख काढणे सर्वांत सोपे.

शिक्क्यांखेरीज सैनिकाने स्वतः केलेल्या खुणाही असतात. अमेरिकी पिशवीवर एक अक्षर आणि चार अंक रंगवलेले दिसले, तर ते आडनावाचे आद्याक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक असतात. कपडे धुलाईला देताना गोंधळ होऊ नये म्हणून ही पद्धत होती. अशा खुणा पुसू नयेत. त्याचबरोबर, त्या पाच चिन्हांवरून ‘ही पिशवी अमुक लढाईत होती’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला जास्तीचे पैसेही देऊ नयेत. ते कागदपत्रांशिवाय सिद्ध होत नाही.

जर्मन मालाबाबत एक सूचना. नाझी राजवटीतल्या शिक्क्यांत स्वस्तिक असू शकते आणि ते चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणे जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. शिवाय या चिन्हांच्या वस्तूंनाच सर्वाधिक भाव येतो, म्हणून नकलाही तिथेच सर्वाधिक होतात. नवख्याने हे दालन वगळलेले बरे.

५. कापड, शिवण आणि धातू

लष्करी पिशव्यांचे कापड म्हणजे साध्या विणीचे, पिळदार सुताचे घट्ट कापड, ज्याला ‘डक’ म्हणतात. अमेरिकी पद्धतीत त्याला क्रमांक असतात आणि क्रमांक जितका लहान तितके कापड जड. दहा क्रमांकाचे डक चौरस मीटरला सुमारे ५०० ग्रॅम भरते. इतके कापड सहजासहजी फाटत नाही, पण ते सडू शकते, आणि सडलेले कापड वरून धडधाकट दिसते.

तपासण्याची पद्धत अशी. पिशवीचा तळ आणि झाकणाची घडी टॉर्चच्या प्रकाशासमोर धरा. बारीक छिद्रांची रांग दिसली तर घडीवर धागे तुटू लागले आहेत. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड एकमेकांविरुद्ध हलकेच ताणा. निरोगी कापड निमूट ताण घेते, सडलेल्यातून कागद फाटावा तसा बारीक चरचर आवाज येतो. असा आवाज आला तर पिशवी खाली ठेवा, मग ती कितीही स्वस्त असो.

बुरशीचे काळे ठिपके हा नुसता डाग नसतो. बुरशी कापसातले सेल्युलोज खाते, म्हणजे कापडच खाते. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि कॅनव्हासचा साज इतक्या वेगाने कुजू लागला, की त्याच्या अभ्यासासाठी वेगळे संशोधन सुरू करावे लागले. बोगनव्हिल बेटावरच्या कुजक्या कॅनव्हासवर सापडलेल्या एका बुरशीला पुढे संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीझाय असे नाव मिळाले आणि सेल्युलोज विरघळवणारी विकरे बनवण्यासाठी ती आज उद्योगांत वापरली जाते. पिशवीवर काही ठिपके असतील तर भाव कमी करून घ्यायला हरकत नाही. शिवणींच्या आत काळा थर जमला असेल तर घेऊ नये.

ज्या पिशव्यांना आतून रबराचा लेप आहे त्यांचा वेगळा विचार करावा. नॉर्मंडीच्या स्वारीत वापरलेली अमेरिकी मास्कची काळी पिशवी अशीच जलरोधक रबरी कापडाची होती. रबर जुने झाले की ते तडकते किंवा चिकट होते, आणि चिकट झालेले रबर पूर्ववत करण्याचा उपाय नाही.

धातूसाठी लोहचुंबक वापरा. पितळेला चुंबक चिकटत नाही. पितळेचा मुलामा किंवा रंग दिलेल्या लोखंडाला चिकटतो. लोखंडी बक्कल म्हणजे नकली, असे मात्र समजू नये, कारण युद्धात पितळ वाचवण्यासाठी अनेक कारखान्यांनी रंगवलेले पोलाद वापरले. पाहायचे ते एवढेच, की गंज बक्कलावरून कापडात उतरला आहे का. गंजाने कापडाचा धागा कमकुवत होतो, आणि भाराचा ताण बरोबर तिथेच येतो.

६. नक्कल कशी ओळखावी

युद्धाचे प्रसंग उभे करणाऱ्या छांदिष्टांसाठी चांगल्या, प्रामाणिक नकला बनतात आणि त्या नक्कल म्हणूनच विकल्या जातात. त्यांत काही वावगे नाही. रोज वापरायला तर त्या अनेकदा अस्सल पिशवीपेक्षा बऱ्या. अडचण येते ती हीच नक्कल मळवून, घासून, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने अस्सल म्हणून विकली जाते तेव्हा.

शिवणीचा सुटलेला दोरा मिळाला तर विक्रेत्याच्या परवानगीने त्याचे टोक जाळून पाहा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. १९४३ च्या पिशवीत मूळ शिवण पॉलिएस्टरची असू शकत नाही. जंबुकिरणांच्या टॉर्चखाली आजचे दोरे निळसर पांढरे चमकतात, कारण त्यांत उजळपणा आणणारी रसायने असतात आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली. पण अस्सल पिशवी कोणीतरी हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकते, म्हणून या एका चाचणीवर निकाल देऊ नये.

झीज कुठे आहे ते पाहणे मला सर्वांत भरवशाचे वाटते. खरोखर वापरलेली पिशवी तळाच्या कोपऱ्यांवर, पट्ट्याच्या बक्कलापाशी आणि अंगाला घासणाऱ्या मागच्या बाजूला झिजते. कृत्रिमरीत्या जुनी केलेली पिशवी सगळीकडून सारखी झिजलेली असते, आणि तिच्या शिक्क्याची शाई मात्र ताजी असते.

७. गॅस मास्कच्या पिशवीबाबत वेगळी खबरदारी

ही पायरी कोणीही वगळू नये. जुन्या मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक असलेले खनिज तंतू, असू शकते. ब्रिटनमधल्या आरोग्य आणि सुरक्षाविषयक सरकारी संस्थेने २०१४ मध्ये दोन्ही महायुद्धांतल्या मास्कबद्दल शाळांना स्पष्ट सांगितले, की ते मुलांना घालायला देऊ नयेत. पिशवीबरोबर मास्क आणि गाळणी मिळत असेल तर ती घेऊ नका. आधीच घेतली असेल तर गाळणी उघडू नका, हलवून पाहू नका, मास्क तोंडाला लावू नका, आणि दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करून स्थानिक प्रशासनाच्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तिची सोय लावा.

फुटक्या किंवा गंजलेल्या गाळणीबरोबर वर्षानुवर्षे पडून असलेली पिशवीही टाळावी, कारण सुटलेले तंतू कापडात अडकलेले असू शकतात आणि ते घरी धुऊन जात नाहीत. रिकामा, कधीच न वापरलेला साठा म्हणून विकली जाणारी पिशवी घेणे सर्वांत सुरक्षित.

८. विक्रेत्याला काय विचारावे

समोर जाऊन घेत असाल तर वरच्या पायऱ्या पुरेशा आहेत. फोटोवरून घेत असाल तर शिक्क्याचा, तळाचा, झाकणाच्या घडीचा आणि आतल्या शिवणींचा असे फोटो मागवा. नुसता समोरून काढलेला फोटो निरुपयोगी. पट्ट्याची पूर्ण लांबी विचारा. वास कसा आहे हे आवर्जून विचारा, कारण कुबट वास फोटोत दिसत नाही. ‘लष्करी पद्धतीची’ आणि ‘लष्करी’ या दोन वर्णनांत फरक आहे आणि पहिले वर्णन नव्या मालासाठी जाणूनबुजून वापरले जाते. ‘न वापरलेली’ म्हणजे निर्दोष असेही नव्हे. गोदामात चाळीस वर्षे घडी घालून ठेवलेली पिशवी घडीवर फिकी आणि कमकुवत झालेली असू शकते.

९. स्वच्छता

धुलाई यंत्र वापरू नका. सुती कॅनव्हास आटतो, रंग पट्ट्यापट्ट्यांनी उडतो, शिक्का जातो आणि चामड्याचे तुकडे असतील तर ते वाळून लाकूड होतात.

आधी घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून, पिशवी उलटी करा आणि कोपऱ्यांतला कचरा झटका. नंतर कोरड्या ब्रशने आतून-बाहेरून घासा. बुरशीचा संशय असेल तर दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत आणि हलक्या उन्हात ठेवा. बऱ्याच पिशव्यांना एवढेच पुरते. तरीही धुणे भाग असेल तर गार पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि हलका हात. पिळू नका, आत टॉवेल कोंबून आकार राखून सावलीत वाळवा. आधी आतल्या एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहा.

ब्रिटिश साजाच्या बाबतीत हे फडके विशेष महत्त्वाचे. सैनिक पट्ट्यांना ‘ब्लँको’ नावाची रंगीत पूड पाण्यात कालवून लावत, तपासणीच्या आधी पुन्हा पुन्हा. हा थर कापडात मुरत नाही, वर बसून राहतो. शिवणींच्या खाचांत आणि बक्कलाच्या जिभेखाली तो वाळलेल्या मातीसारखा जमलेला दिसतो. कोरडा असेपर्यंत काही होत नाही. पहिल्या पावसात मात्र तो ओघळतो आणि फिक्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत हिरवा पट्टा उमटतो. पिशवी वापरायची असेल तर ब्लँको ओल्या ब्रशने काढून टाका. संग्रहासाठी ठेवायची असेल तर त्याला हात लावू नका, कारण संग्राहकाच्या दृष्टीने तो थर म्हणजे इतिहासच.

जुन्या कॅनव्हासला बुरशीरोधक रसायनेही लावलेली असत. म्हणून पिशवी साफ झाली तरी फळे, पोळ्या असे उघडे खाणे थेट आत ठेवू नये. डबा ठेवावा.

१०. पट्टा आणि दुरुस्ती

मूळ पट्टे अरुंद असतात, कारण ते गणवेशाच्या जाड कापडावर यायचे होते. इंचभर रुंदीचा पट्टा तीन किलो भाराने साध्या सदऱ्यावर अर्ध्या तासात खांदा कापू लागतो. उपाय म्हणजे पट्ट्यावर सरकवायची रुंद गादी. मूळ पट्टा कापून नवा शिवण्याची गरज पडत नाही. स्मॉल पॅकसाठी त्याच काळातला सुटा पट्टा बक्कलात ओवून घेता येतो.

उसवलेली शिवण मूळच्याच छिद्रांतून शिवावी. नवी छिद्रे पाडली की जुन्या आणि नव्या छिद्रांची मिळून फाडरेषा तयार होते. दोरा सुती किंवा तागाचा घ्यावा, मेण लावलेला. पॉलिएस्टर दोरा जास्त टिकतो खरा, पण ताण आल्यावर तो तुटत नाही आणि जुने कापड कापतो. दोरा तुटलेला परवडला, कापड नाही. ठिगळ नेहमी आतून लावावे आणि छिद्रापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठे असावे.

११. मेण लावावे का

घट्ट विणलेला सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात आणि वीण आणखी आवळते, म्हणून हलक्या पावसात पिशवी तशीही बऱ्यापैकी तग धरते. जोराच्या पावसात नेहमी फिरावे लागत असेल तरच मेणाचा विचार करावा. पॅराफिन आणि मधमाशीचे मेण एकत्र वितळवून केलेली वडी कापडावर घासायची आणि हेअर ड्रायरच्या उष्णतेने मुरवायची, एवढीच कृती आहे. मेण नेहमी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर कधीही नाही.

पण आधी तीन गोष्टी समजून घ्या. मेण लावले की रंग कायमचा गडद होतो. बुरशी पूर्ण गेलेली नसेल तर ती मेणाखाली कोंडली जाते. आणि अंगाकडच्या बाजूला मेण लावले तर ते कपड्यांना लागते, म्हणून मागची बाजू सोडून द्यावी. तारीख असलेल्या, संग्रहमूल्य असलेल्या पिशवीला मेण लावणे म्हणजे तिची किंमत हाताने घालवणे होय. तिच्यात सामान एका जलरोधक पातळ पिशवीत घालून नेणे हा साधा मार्ग मी केव्हाही पसंत करतो.

१२. बाहेर नेताना

विमानप्रवासाच्या आधी प्रत्येक कप्पा, विशेषतः तळाच्या शिवणीतल्या खोबणी, बोटाने चाचपून पाहा. जुन्या पिशव्यांत काडतुसाचे रिकामे पुंगळे, धातूच्या क्लिपा असे काहीबाही अडकलेले असते आणि सुरक्षा तपासणीत एक रिकामा पुंगळाही मोठी चौकशी ओढवतो. साठा क्रमांक १३७५ ने सुरू होणारी पिशवी, किंवा जिच्यावर स्फोटकांचा उल्लेख छापलेला आहे अशी पिशवी, विमानतळावर नेऊच नये.

छद्मरंगाच्या, म्हणजे पानाफुलांच्या ठिपक्यांच्या नक्षीच्या पिशव्यांना काही देशांत बंदी आहे. बार्बाडोस आणि जमैका यांसारख्या कॅरिबियन देशांत नागरिकांनी असे कापड वापरणे बेकायदेशीर असून पर्यटकांनाही सूट नाही. एकरंगी हिरव्या किंवा खाकी पिशवीला सहसा अडचण येत नाही, तरी सैन्याचे बोधचिन्ह, पदचिन्ह किंवा दलाचे नाव असलेले कापडी बिल्ले प्रवासात काढून ठेवावेत.

परत आल्यावर पिशवी ओली असेल तर तशीच कपाटात ठेवू नका. झाकण उघडे टाकून, बक्कल सैल करून पूर्ण वाळू द्या. दीर्घकाळ ठेवायची असेल तर घडी न घालता आत जुनी सुती चादर भरून ठेवा, प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, आणि चामड्याचे पट्टे पितळी बक्कलांतून काढून ठेवा. चामड्यातल्या तेलामुळे पितळेवर चढणारी हिरवी कळंक नंतर कापडालाही लागते.